उरलेला काळा रंग

डोंगरावर भडक काही चालत नाही, हा नियम माझा. मॅडमचा नाही. इथल्या वानरांचा अभ्यास मॅडमचा, पण त्या इथून दोन तासांवर ऑफिसात बसतात, आठवड्याला माझी नोंदवही मागवतात आणि तिच्यात लाल पेनाने प्रश्न काढून परत पाठवतात. वर कोण कुठे उभं राहणार, काय घालणार, किती मोठ्याने खोकणार, ते मी ठरवते. अठरा वर्षं झाली या गोष्टीला. वानरं माझी नाहीत, पण डोंगर माझा आहे, असं समजा.

तर लेक सासर सोडून माझ्याकडे आली तेव्हा तिचे केस तांब्याच्या तारेसारखे लालबुंद होते. पार्लरमध्ये काम करायची, स्वतःचं डोकं स्वतःच रंगवायची. चार दिवस खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली. पाचव्या दिवशी मी म्हटलं, "ऊठ. माझ्याबरोबर कामाला चल. बॅग धरायला माणूस हवंच आहे मला. पण हे डोकं घेऊन वर यायचं नाही. वानरं बिथरतील."

वानरं काही बिथरली नसती. त्यांनी त्याहून भडक छत्र्या पाहिल्यात. मला ते केसच आवडत नव्हते, कारण जावयाला आवडायचे. एवढंच होतं ते. लेक बाथरूममध्ये गेली, काळा रंग लावून आली. अर्धी ट्यूब उरली, ती मी फडताळावर ठेवून दिली. टाकून द्यायचं माझ्या जिवावर येतं.

आता सासर का सोडलं, ते सांगते, म्हणजे मध्येच विचारू नका. भांडण झालं, कशावरून ते दोघांनाही धड सांगता येत नाही, आणि ही सकाळी तरातरा निघून आली. दहा महिन्यांचं पोर तिथेच ठेवून! का, तर म्हणे, "दोन दिवसांत त्यांना नाकी नऊ येतील, आपणहून आणून सोडतील." कपाळ माझं! त्या घरात दोन नणंदा, सासू आणि एक विधवा चुलत सासू. पोर पाळण्यात कमी आणि मांडीवर जास्त. ही पार्लरला जायची तेव्हा त्या चौघीच त्याला सांभाळायच्या. त्यांना कसले नाकी नऊ येतायत! आठवड्याने निरोप आला: मूल हवं असेल तर इथे येऊन राहा. हिने निरोप ऐकला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

"जा आणि घेऊन ये," मी शंभर वेळा म्हटलं. "पोलीस आहेत, वकील आहेत, मी आहे. तुझं मूल आहे ते."

"जाईन," म्हणायची, आणि जायची नाही. बघता बघता तीन महिने झाले.

वानरांचं सांगते. माकडं म्हणू नका, मला राग येतो. आमचा हा डोंगर चुनखडीचा, सरळसोट कापल्यासारखा. मधोमध कपारी आहेत, तिथे ती झोपतात. कड्यावर मुताचे तपकिरी ओघळ दिसले की समजायचं, वर बिऱ्हाड आहे. अंगाने काळीभोर, पाठीवर राख भुरभुरावी तशी चंदेरी झाक, डोक्यावर उभा तुरा. डोळ्यांभोवती पांढरी कडी, त्यामुळे चेहरा कायम नुकतंच कुणीतरी ओरडल्यासारखा. शेपूट अंगाहून लांब. खातात पाला, तोही कोवळा. पोट भलं थोरलं, सकाळी दोन तास चरायचं आणि मग दुपारभर पोट सांभाळत कड्यावर बसून राहायचं. बघायला येणारे पाव तासात कंटाळतात. मी अठरा वर्षांत कंटाळले नाही.

आणि पिल्लं मात्र केशरी. संत्र्याच्या सालीसारखी, झगझगीत. काळ्या आईच्या काळ्या पोटाला ते केशरी गाठोडं लटकलेलं मैलभरावरून दिसतं. तीन महिन्यांनी शेपटीपासून काळं पडायला लागतं, सहाव्या महिन्याला सगळं काळं. तोवर त्या केशरी रंगापायी कळपातल्या सगळ्या माद्या वेड्या होतात. जन्मून दोन तास होत नाहीत तोच ही ओढते, ती ओढते. आईलाही ते हवंच असतं. तिला खायचं असतं. ती पिल्लू कपारीत ठेवते आणि मागे न बघता झाडावर जाते, आणि एका श्वासाच्या आत कुणीतरी त्याला उचललेलं असतं. अठरा वर्षांत मी ते न उचललेलं एकदाही पाहिलं नव्हतं.

आमच्या कळपात एक नर, पाच माद्या, दोन अर्धवट वाढलेली आणि तीन केशरी पिल्लं. एकूण अकरा. लेकीला पहिल्या दिवसापासून मी मोजायला शिकवलं. वर गेलं की आधी मोजायचं, मग श्वास घ्यायचा. तिचा जीव जडला सगळ्यांत धाकट्या पिल्लावर. तिने त्याचं नाव ठेवलं ठिणगी. ठिणगीची आई तुटकी, कारण तिची शेपूट अर्धी. ठिणगी दिसली की लेकीचा चेहरा जरा सैल व्हायचा. मी ते बघायचे आणि बघितलं नाही असं दाखवायचे.

मग उपरा आला.

असं दर तीन-चार वर्षांनी होतं. बाहेरचा तगडा नर येतो, घरच्या नराला फोडून काढतो, कळप ताब्यात घेतो. आमचा जुना नर तीन दिवस झुंजला आणि फाटलेला ओठ घेऊन खिंडीकडे गेला, पुन्हा दिसला नाही. उपऱ्याने पहिल्या आठवड्यात दोन पिल्लं मारली. कशी, ते वहीत लिहिलंय, इथे सांगत नाही. एवढंच सांगते की तो रागाने मारत नाही. शांतपणे बसलेला असतो, पानं चघळत असतो, केशरी रंगावर नजर असते, आणि माद्या जरा पांगल्या की उठतो. पिल्लू गेलं की आईचं दूध आटतं, ती लवकर माजावर येते, पुढचं पिल्लू त्याचं होतं. साधा हिशोब आहे. काळी पडलेली, वाढलेली पोरं त्याच्या खिजगणतीतही नसतात.

"काहीतरी कर ना आई," लेक म्हणाली.

"आपण बघायचं आणि लिहायचं. बाकी काही नाही."

"दगड तरी मार."

"मागे एका गड्याने मारला होता दगड. वीस वर्षं डोंगर तुडवलेला माणूस. त्याच दिवशी घरी पाठवला मी त्याला. तोंडसुद्धा बघितलं नाही."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच उपरा. मग सावकाश म्हणाली, "ठिणगी वाचली ना, तर मी माझ्या बाळाला आणायला जाईन. शपथ."

आता हे काय खूळ, तुम्ही म्हणाल. वानराचा आणि तुझ्या पोराचा संबंध काय? मीही तेच म्हटलं, चांगली फैलावर घेतली तिला. पण तीन महिन्यांत पहिल्यांदा ती "जाईन" असं म्हणाली होती की मला ते खरं वाटलं. ठिणगी सात आठवड्यांची होती. पुरतं काळं पडायला अजून चार महिने तरी हवे होते, आणि उपऱ्याला दोन दिवसही पुरले असते.

त्याच आठवड्यात तुटकीच्या गळ्यातला पट्टा काढायचा होता. रेडिओचा पट्टा, कळप कुठे आहे ते कळायला घातलेला. तो काचून तिची मान सोलवटली होती. जनावरांचे डॉक्टर आले, कळप खालच्या जुन्या खाणीत उतरला तेव्हा त्यांनी तुटकीला भुलीची सुई मारली. बाकीची वर पळाली. तुटकी दहा पावलं जाऊन आडवी झाली. डॉक्टरांनी पट्टा कापला, जखमेला औषध लावलं, म्हणाले, "पाऊण तासाने उठेल. तोवर बसा जवळ." आणि जीपमध्ये जाऊन फोनवर बोलत बसले.

लेकीच्या मांडीवर टॉवेलात, तुटकीच्या पोटापासून सोडवलेली ठिणगी. केसांच्या मुळापर्यंत केशरी.

मी बॅगेतून ट्यूब काढली. हो, मीच. सकाळी निघतानाच बॅगेत टाकली होती. रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं: त्याला केशरी दिसलं की तो मारतो, केशरी दिसलंच नाही तर? अठरा वर्षं मी त्यांना बघतेय, मला नाही कळणार तर कुणाला कळणार, असा माज होता मला. लेकीने ट्यूब पाहिली आणि चक्क हसली. "आई! तू?"

"हसू नकोस. तुझा धंदा आहे, तू लाव. डोळे सांभाळ."

काय हात चालले तिचे! बोटाने चोळून, कानामागे, काखेत, शेपटीच्या टोकापर्यंत. वीस मिनिटं थांबलो, कोमट पाण्याने पुसून काढलं, टॉवेलने कोरडं केलं. ठिणगी किरकिरली, मग तिच्या अंगठ्याला धरून झोपली. "गिऱ्हाईक खूश," लेक म्हणाली. आम्ही दोघी तोंडावर हात दाबून हसलो. तिच्याबरोबर अशी मी कधी हसले होते, मला आठवत नाही. ती लहान असतानासुद्धा नाही.

तुटकी उठली, धडपडली. पिल्लू हुंगलं, मागे सरली. तेवढ्यात ठिणगी ओरडली, आणि त्या आवाजासरशी तुटकीने तिला पोटाशी घेतलं आणि कडा चढून गेली. लेकीने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपरा तुटकीच्या शेजारून गेला. हातभर अंतरावरून. थांबला, पोटाशी लटकलेल्या काळ्या पोराकडे बघितलं, आणि पुढे जाऊन पानं खायला लागला. आम्ही खाली नाचायच्या बाकी होतो. लेक म्हणाली, "गुरुवारी जाते मी. बाळाला आणते." तिने फोन करून सासूला तसं कळवलंही. वहीत मी लिहिलं: पट्टा काढला, मादी ठीक, पिल्लू ठीक. रंगाचं लिहिलं नाही.

बुधवारी लेक खाली केबिनमध्ये बॅटऱ्या चार्जिंगला लावत होती. मी एकटी वर होते. दहा वाजता, उन्हं कड्यावर आली तेव्हा, तुटकी खाली उतरली. तीन दिवस तिने पिल्लू सोडलं नव्हतं, म्हणजे कुणी मागितलंच नव्हतं. ते माझ्या लक्षात आलं होतं, पण भुलीचा परिणाम असेल म्हणून मी ते वहीत ढकलून दिलं होतं. तिला भूक लागली असणार. तिने ठिणगीला कपारीच्या कडेला ठेवलं, जसं नेहमी ठेवायची, आणि मागे न बघता समोरच्या उंबरावर उडी घेतली.

कुणी आलं नाही.

म्हातारी मादी शेजारीच बसली होती. एरवी पिल्लांवरून सगळ्यांत जास्त मारामाऱ्या तिच्या. तिने ठिणगीकडे पाहिलं, हुंगलं, आणि स्वतःचं बोट खाजवत बसली. दुसरी आली, तिने ठिणगीला ओलांडलं, जसं वाटेतल्या धोंड्याला ओलांडतात. अर्धवट वाढलेल्यातलं एक तिच्या शेपटीवर पाय देऊन गेलं. ठिणगी ओरडायला लागली. तो आवाज तुटकीपर्यंत गेलाही असेल, पण पिल्लू हातातून हातात जाताना ओरडतंच, रोजचंच ते. ती खात राहिली.

मला कळलं. सगळं एकदम कळलं. केशरी रंग काही मारेकऱ्यालाच बोलवत नव्हता. त्या हातांनाही तोच बोलवत होता. मी तो पुसून टाकला होता.

मी ओरडले. अठरा वर्षांत पहिल्यांदा डोंगरावर ओरडले, "उचला गं कुणीतरी!" त्याने माद्या दचकल्या आणि वर सरकल्या. ठिणगी त्यांच्या मागे निघाली. सात आठवड्यांचं पोर, त्याला कडा काय कळतोय. दोन पावलं नीट टाकली. तिसऱ्याला खाली आली.

तुटकी पोट भरून परतली तेव्हा कपार रिकामी. तिला काहीच वाटलं नाही आधी. ती म्हातारीकडे गेली, तिची मांडी बघितली. मग दुसरीकडे गेली, तिचे हात बाजूला करून पोटाशी बघितलं. मग तिसरीकडे, चौथीकडे. तिला वाटत होतं, कुणीतरी घेतलंय. चौघींकडे जाऊन झालं की पुन्हा म्हातारीपासून सुरू करायची. बारा वाजून गेल्यावर मी बघू शकले नाही. मेलेली जनावरं ऑफिसला पाठवायची असतात. मी ठिणगीला दगडांखाली पुरलं, कारण ऑफिसात रंग दिसला असता. वहीत लिहिलं: आईने कपारीत ठेवलेलं पिल्लू कड्यावरून पडून मेलं. कारण माहीत नाही.

खाली आले तर लेक पिशवी भरत होती. बाळाचं एक लोकरी टोपडं तिच्याजवळ राहिलं होतं, त्याचीच घडी करत होती.

"कशी आहे गं ठिणगी?"

"छान आहे," मी म्हटलं. "म्हातारीच्या मांडीवर होती."

काय करायला हवं होतं मी? सांगून पुन्हा भिंतीकडे तोंड करायला लावायचं होतं तिला? आज विचाराल तर हो, तेच करायला हवं होतं.

ती गुरुवारी सकाळी गेली आणि शुक्रवारी दुपारी आली. एकटी. ती पाणी प्यायली, तांब्या जागेवर ठेवला आणि आपणहून सांगितलं.

"त्या भांडल्याच नाहीत, आई. मी किती तयारी करून गेले होते. मोठ्या नणंदेने बाळाला जमिनीवर सोडलं. म्हणाली, 'तुझ्याकडे आला तर घेऊन जा, आम्ही अडवणार नाही.' चालायला लागलाय तो. माझ्याकडे दोन पावलं आला. मग थांबला. माझ्या डोक्याकडे बघत राहिला. आणि असा किंचाळला! नणंदेच्या पायाला जाऊन चिकटला. मी हाक मारली, गाणं म्हटलं, टोपडं दाखवलं. तो तिच्या मांडीत तोंड खुपसून ओरडतच होता. सासूबाई म्हणाल्या, 'बघ बाई, आता तूच बघ.'"

मग म्हणाली, "माझे केस मुठीत धरून झोपायचा तो. लाल होते ना."

तीन महिने झाले की मूल विसरतंच, केसांचा काय संबंध, असं मी तिला म्हटलं. स्वतःलाही तेच सांगते. मला ते पटत नाही.

"चल," ती उठली. "ठिणगीला बघू दे मला."

मी नको म्हणायला हवं होतं. बॅग उचलून मी तिच्यामागे निघाले. वर जाऊन तिने दुर्बीण लावली. मी शिकवलं होतं तसं आधी मोजलं. उपरा एक, माद्या पाच, अर्धवट वाढलेली दोन. आठ. ओठ हलवत पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना तुटकीवर थांबली. तुटकी अजूनही म्हातारीच्या मांडीत हात घालून बघत होती.

लेकीने दुर्बीण खाली घेतली. "कधी?"

"बुधवारी."

"मी निघायच्या आधी."

"आधी."

"म्हणजे तू मला..." एवढंच बोलली आणि डोंगर उतरायला लागली. मला वाटलं, शिव्या देईल, मारेलसुद्धा. द्यायला हव्या होत्या. मी मागून हाका मारत राहिले आणि ती माझ्याच वाटेने, माझ्यापुढे, मागे वळून न बघता गेली.

ती कुठे गेली नाही. जाणार कुठे? अजून माझ्याबरोबर वर येते, बॅग धरते, मोजते. आकडा सांगते, बाकी काही नाही. तिच्या केसांना मुळाशी तिचा खरा तपकिरी रंग दिसायला लागलाय, तो ना लाल ना काळा. मला तिच्याकडे बघवत नाही आणि न बघता राहवत नाही.

परवा वही ऑफिसातून परत आली. बुधवारच्या नोंदीशेजारी मॅडमचा लाल पेनाने प्रश्न होता: "पिल्लू खाली ठेवल्यावर इतर माद्यांनी उचललं का नाही?" मी वही मिटून फडताळावर ठेवली, ट्यूब असायची तिथे. आज पाठवायची म्हणून काढली तर प्रश्नाखाली लेकीच्या अक्षरात उत्तर होतं.

"ओळखू आलं नाही. काळा रंग आम्ही लावला होता."

प्रत्येक पानाखाली माझी सही लागते. मी केली.